पिंजऱ्यातला वेतनकरार

आमची निशिगंधा मारामारी करते. शेजारणीने विचारलं की आधी मी नुसतं "खेळते" म्हणायची. मग "कबड्डी का?" असा पुढचा प्रश्न यायचा, आणि खोटं बोलायचं नाही असा माझा नेम असल्यामुळे उरलेलं सगळं सांगावंच लागायचं. लोखंडी जाळीचा पिंजरा असतो, त्यात दोघींना सोडतात. ठोसे चालतात, लाथा चालतात, पाडणं चालतं, गळा आवळणंही चालतं. चावायचं नाही आणि डोळ्यात बोट घालायचं नाही, एवढंच. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात त्याला. इथवर सांगून झालं की ती शेजारीण हमखास विचारायची, "आणि पगार किती?"

तिथे मात्र मला देवाचं नाव घेऊन विषय बदलावा लागायचा.

आम्ही चिखलीत राहतो. आमचे हे, हिंदुराव, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं होते आणि त्यातला बराचसा काळ युनियनचे सरचिटणीस. दर तीन वर्षांनी वेतनकरार आला की महिना महिना घरी जेवायला नसायचे, आणि करार झाला की गुलाल लावून यायचे. निवृत्त झाले तरी ती भाषा काही सुटली नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर "मुद्दा नोंदवून ठेवतो" म्हणतात. मी दोन दिवस माहेरी गेले की त्याला "टूल डाऊन", म्हणजे कामबंद, म्हणतात.

तर झालं असं, की निशूला कुरुळीजवळच्या एका पॅकिंगच्या कंपनीतून क्वालिटी विभागात नोकरीचं बोलावणं आलं. महिना अठरा हजार, पीएफ, कँटीन, न्यायला-आणायला बस. रुजू व्हायचं सोमवारी, आणि नेमकी त्याच्या आदल्या रविवारी तिची फाइट होती. यांनी तिला जेवणाच्या टेबलावर समोर बसवलं. तिचे कोच धम्मरत्न सर तिला सोडायला आले होते, त्यांनाही बसवलं.

"लढायचे किती मिळणार?"

"वीस हजार."

"बरं. आणि?"

"जिंकले तर आणखी वीस."

"आणि हरलीस तर?"

"वीसच."

"असं महिन्यातून किती वेळा?"

"महिन्यातून नाही, पप्पा. चार महिन्यांतून एकदा. मिळालीच तर."

यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बैठकीत यांनी चष्मा काढला की समोरचे मॅनेजर पाणी मागवायचे, असं यांचे जुने सहकारी सांगतात.

"म्हणजे जिंकलीस तर महिन्याला दहा. हरलीस तर पाच. त्यातून तुझी अंडी, ती पावडर, रक्ताच्या तपासण्या, पट्ट्या, मलमं. अगं, आपल्या सोसायटीचा वॉचमन तेरा घेतो, आणि त्याला कुणी मारत नाही."

"रोज मारत नाहीत," मी हळूच म्हटलं. गणपतीत वॉचमनला पडलेली थप्पड यांनाही माहीत होती.

"काका, तिचं रेकॉर्ड फार चांगलं आहे," धम्मरत्न सर म्हणाले. "पाच फाइट, पाच विजय. असंच चाललं तर बाहेरच्या मोठ्या संस्था बोलावतात. दिल्ली, दुबई."

"चिखलीतून आजवर कोण गेलंय?"

"अजून तरी कुणी नाही."

"आणि हे वयाच्या कितव्या वर्षापर्यंत चालतं?"

"बत्तीस-तेहतीस. नंतर कोचिंग करता येतं."

"अच्छा. तुमचा कोचिंगचा पगार किती, सर?"

"मला जिमचा?" सर बिचारे सरळ माणूस. "जिमला मीच देतो, काका. शेडचं भाडं असतं ना. म्हणून तर एका कंपनीत प्रेस शॉपला सेकंड शिफ्ट करतो."

निशूने कपाळाला हात लावला.

मग यांनी अट घातली. या फाइटचे पैसे चार महिन्यांत वाटून महिन्याला अठराच्या वर पडले, तर कंपनीचं नाव घरात पुन्हा काढायचं नाही. नाही पडले, तर सोमवारी सकाळी बसच्या थांब्यावर उभं राहायचं.

"चाळीसाचे महिन्याला अठरा कसे होतील, पप्पा? जिंकले तरी होत नाहीत."

"ते माझ्यावर सोड. करार मी बोलतो. तुम्हा लोकांना मागताच येत नाही."

निशू मग स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. कणीक मळताना माझा हात थांबला नाही, पण कान तिच्याकडे होते.

"आई, तिकडे शिफ्ट असतात. सकाळची प्रॅक्टिस गेली की सगळंच गेलं. सरांकडच्या किती मुली अशा 'थोडे दिवस' म्हणून गेल्या. एकही परत आली नाही."

मी तिच्या पाठीवर हात फिरवायला गेले, तर पिठाचा पंजा उमटला.

करार बोलायला हे मलाही घेऊन गेले. बोलणीला एकट्याने जायचं नाही, ही यांची शिस्त. दिग्विजय शेठचं ऑफिस स्पाइन रोडला. 'वाघनख फाइट नाइट' ही स्पर्धा तो भरवायचा, पण त्याचा खरा धंदा चाकणच्या कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवायचा. भिंतीवर एका बाजूला फायटरांचे फोटो आणि दुसऱ्या बाजूला लेबर लायसन्स. ते लायसन्स बघून यांची छाती दोन इंच फुगली. जुना शत्रू भेटला म्हणजे माणसाला घरी आल्यासारखं वाटतं.

"बसा काका, बसा काकू. चहा सांगू?"

"आधी मुद्दे. लढायचे वीस, आणि जिंकली तर वीस. याला काय म्हणतात?"

"शो मनी आणि विन मनी, काका. जगात सगळीकडे असंच आहे. वर्ल्ड स्टँडर्ड."

"याला पीस रेट म्हणतात. जेवढे नग, तेवढा पैसा. माझ्या युनियनने पीस रेट बंद केला तेव्हा तुम्ही शाळेत दप्तर नेत होता. कामगाराने हजर राहायचं, इमानाने काम करायचं. पुढे माल विकला गेला की नाही ही मालकाची काळजी. तशी ती जिंकली की हरली ही तुमची काळजी."

"माझी कशी, काका?"

"तिकिटं कोण विकतं? तुम्हीच ना?"

"नाही, तिकिटं फायटरच विकतात. प्रत्येकाला चाळीस. राहिली तर त्यांच्या पैशांतून कापतो."

यांनी चष्मा काढला. दिग्विजयने पाणी मागवलं.

पुढचा एक तास मी खिडकीपाशी जप करत बसले. मधूनमधून "ओव्हरटाइम", "शिफ्ट अलाउन्स", "कायद्याने दुप्पट" असे शब्द कानावर येत होते. शेवटी ठरलं ते असं. जिंकण्याचे वेगळे पैसे नकोत. पैसे राउंडवर. पाच मिनिटांचा एक राउंड, असे तीन. पहिल्या राउंडला वीस हजार. दुसऱ्यात माणूस दमतो म्हणून तीस. तिसरा म्हणजे ओव्हरटाइमच, त्याचे डबल दराने चाळीस. हरो वा जिंको. तिकिटं न खपल्याबद्दल कापाकापी नाही.

दिग्विजयने मोबाइल काढून काहीतरी बघितलं. एक व्हिडिओ बघितला, मग दुसरा. मग त्याचा चेहरा एकदम फुलला.

"काका, तुमच्या अनुभवापुढे आम्ही काय बोलणार? मान्य." आणि चहा यायच्या आत सही करून मोकळा झाला.

जिना उतरताना हे तरंगत होते. "नव्वद! भागिले चार, साडेबावीस! पंधरा मिनिटांचे नव्वद हजार. आमच्या प्लांट हेडला कधी मिळाले नाहीत. आणि हरली तरी!"

"अहो, पण तो लगेच कसा तयार झाला? तुम्हीच म्हणायचात ना, मॅनेजमेंट पहिल्याच बैठकीत हो म्हणाली तर आपलंच काहीतरी चुकलंय."

"तो काळ वेगळा होता," हे म्हणाले. पण शेवटच्या पायरीवर जरा थांबले खरे.

घरी निशूने तो कागद वाचला आणि उभी होती तिथेच फरशीवर बसली.

"पप्पा, तुम्ही माझी एक तरी फाइट बघितलीय का?"

"मला रक्त बघवत नाही, माहीत आहे तुला."

"पाच जिंकलेय मी. पाचही पहिल्या राउंडमध्ये. एक तर चौतीस सेकंदांत."

हे तिच्याशेजारी फरशीवर टेकले. मग अगदी मनापासून कळवळून म्हणाले, "एवढी घाई कशाला करायची गं कामाची?"

तिला हसावं की रडावं कळेना. यांना मात्र मार्ग दिसला होता. कराराला बाध येत नाही, कामही बंद नाही, फक्त वेग कमी करायचा. गो-स्लो! यांच्या काळात यांनी गो-स्लो करून तीन मॅनेजर बदलायला लावले होते. आता रोज संध्याकाळी निशूला धडे सुरू झाले. "ठोसा मारायचा, पण मारण्याआधी विचार करायचा. मग पाणी प्यायचं."

"गो-स्लोमध्ये मशीन कामगाराला मारत नाही, पप्पा! समोर लढायला मैत्री नावाची मुलगी आहे. मी विचार करत बसले तर ती माझं नाक फोडेल."

मैत्री कुरुळीची. दिवसा गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम, संध्याकाळी सराव. हात लोखंडासारखे, असं धम्मरत्न सर सांगायचे. यांनी सरांनाही गाठलं. तीन राउंड खेळवायची तयारी करून घ्या म्हणाले.

"काका, दम तीन राउंडचा आहेच तिचा," सर म्हणाले. "पण संधी दिसली की सोडायची नाही, हे मी तिला चार वर्षं शिकवलंय. ते आता दोन आठवड्यांत कसं विसरवू?"

"प्रयत्न करा. तिच्याच नोकरीचा प्रश्न आहे. म्हणजे, नोकरी न लागण्याचा."

तिकिटांची कापाकापी बंद झाली होती, तरी तिकिटं घरात पडून होती. वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी ती आमच्या भजनी मंडळात घेऊन गेले. मंडळाच्या प्रमुख अंबुबाई, जुन्या चिखलीच्या. त्यांची शेतं गेली, प्लॉट झाले, इमारती झाल्या, पण बोलणं तसंच राहिलं.

"कसलं तिकीट हाय? कीर्तन हाय का?"

"नाही हो. मारामारी आहे."

"कुनाची?"

"आमच्या निशूची."

"आपल्या निशीची व्हय! मंग पैकं कशापायी मागतीस? न्हाई, घे, घे. समद्या येतो आमी. दुपारी भजनाचा वारच हाय, तिथूनच म्होरं जाऊ."

शेवटच्या आठवड्यात निशूचं वजन उतरवणं सुरू झालं. बावन्न किलोच्या वर एक काटा चालत नाही म्हणे. मी इतकी वर्षं उपास करते, पण माझी एकादशी म्हणजे तिच्यापुढे मेजवानी. मीठ बंद, भात बंद, शेवटच्या दिवशी तर पाणीही बंद. माझ्या साबुदाण्याच्या खिचडीकडे ती अशी बघायची की मला घास उतरेना. शेवटी मी वाटी झाकून ठेवली आणि नुसत्या दुधावर राहिले. यांनी मुद्दा नोंदवला : "उपासमार भत्ता. पुढच्या करारात घ्यायचा."

रविवारी दुपारी फाइट. जागा म्हणजे मोशीच्या बाजूचं एक मंगल कार्यालय. जिथे नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर पिंजरा लावला होता. मागे थर्माकोलचे मोर तसेच होते, खुर्च्यांना गुलाबी फिती बांधलेल्या. संध्याकाळी तिथे कुणाची तरी हळद होती, त्यामुळे कार्यालयाचा मॅनेजर दर थोड्या वेळाने येऊन दिग्विजयला घड्याळ दाखवून जायचा. आमचं मंडळ पहिल्या दोन रांगांत बसलं. टाळ पिशव्यांतच होते. अंबुबाईंनी आल्या आल्या पिंजऱ्याला नमस्कार केला. समोर काही उंचावर दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो.

निशूची फाइट शेवटून दुसरी. एकीकडून मैत्री आली, दुसरीकडून आमची. आमच्या पोरीचे गाल आत गेलेले, केसांच्या घट्ट वेण्या. मला बघवेना. मी डोळे मिटले आणि माळ हातात घेतली. मनाशी म्हटलं, पंधरा मिनिटं आहेत, निदान चार माळा होतील. शेजारी हे ओरडत होते, "दमानं! दमानं घे! शिफ्ट मोठी आहे!"

पंधरा-वीस मणी सरले असतील, तोच अंबुबाईंनी माझा दंड धरला. "आगं, उघड डोळं! झालं!"

"काय झालं?"

"संपलं की! त्या पोरीनं लाथ मारली, निशीनं पाय धरला, आडवी केली, आन् गेली की पाठीवर माकडिणीवानी. गळ्याला हात घातला. तवा तुझा मालक बोंबलला, 'सोड, सोड तिला!' समदी मान्सं त्यांच्याकडं बघाया लागली. निशीनं बी येक डाव बापाकडं बघितलं."

"आणि?"

"आन् आवळलं."

मग मैत्रीने निशूच्या हातावर थोपटलं म्हणे. मला वाटलं शाबासकी दिली. हरले, सोड, असं सांगायची ती पद्धत असते, हे नंतर कळलं.

लोक शिट्ट्या मारत होते. पंचाने निशूचा हात वर केला. सहावा विजय, तोही मिनिटाच्या आत. सर उड्या मारत होते, मंडळाच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. निशू मात्र हसत नव्हती. ती यांच्याकडे बघत होती. वीस भागिले चार, पाच. ते गणित तिच्या चेहऱ्यावर मला दुरून वाचता आलं.

दिग्विजय हसत हसत आला आणि माइकवरच म्हणाला, "काका, करारानुसार पहिल्या राउंडचे वीस! जिंकायचे वेगळे तुम्हीच नको म्हणालात!"

हे उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण हे स्टेजच्या पायऱ्या चढले, चपला काढल्या, पिंजऱ्याच्या दारातून आत गेले आणि बरोबर मध्यभागी मांडी घालून बसले.

"काका, बाहेर या. मेन फाइट लावायची आहे."

"आमची शिफ्ट संपलेली नाही."

"फाइट संपली, काका. तुमची मुलगी जिंकली!"

"कामगार हजर आहे. काम करायला तयार आहे. दुसऱ्या राउंडचं काम द्या."

"कुणाबरोबर देऊ? मैत्री आउट झाली ना!"

"म्हणजे मालाअभावी काम बंद. यात कामगाराची चूक काय? कच्चा माल पुरा आणून ठेवणं ही मॅनेजमेंटची जबाबदारी. याला ले-ऑफ म्हणतात. काम नसलं तरी अर्धा पगार. तुम्ही लेबर कॉन्ट्रॅक्टर, तुम्हाला मी शिकवायला नको."

"हा खेळ आहे, काका! कंपनी नाही!"

"तर मग राउंडवर पगार का मान्य केलात? खेळ होता तर तेव्हाच सांगायचं."

मानेला बर्फाची पिशवी लावून बसलेली मैत्री हळूच म्हणाली, "काका, कच्चा माल म्हणजे मी का?"

हे ओशाळले. "तसं नाही, बाळ. तूही कामगारच. तुझं किती ठरलंय?"

"पंधरा. जिंकले असते तर आणखी पंधरा. मानेचा एक्स-रे माझा मीच काढायचा."

यांनी चष्मा काढला.

काळ्या टी-शर्टमधले दोन बाउन्सर पिंजऱ्याकडे निघाले. हे एकटेच बसले होते, पांढरा सदरा, मागे थर्माकोलचे मोर. लोक मोबाइलवर शूटिंग करत हसत होते. मला चारचौघांत उठून काही करायची सवय नाही. पण माणूस एकटाच जमिनीवर बसलाय आणि आपण गुलाबी फितीच्या खुर्चीवर, हे काही मनाला पटेना. मी गेले आणि यांच्या शेजारी बसले. हे चकित झाले. तीस वर्षांत एकाही गेट मीटिंगला मी गेले नव्हते.

मी आत गेले म्हटल्यावर अंबुबाई उठल्या. त्या उठल्या म्हटल्यावर मंडळ उठलं. दारात सगळ्यांनी चपला ओळीने काढल्या, पदर खोचले, आणि पिंजरा बघता बघता भरला. पिशव्यांतून टाळ निघाले. फाइटच्या वेळेमुळे दुपारचं भजन तसंही राहूनच गेलं होतं. अंबुबाईंनी सुरुवात केली आणि बाउन्सर जागीच थांबले. त्यातल्या एकाने तर बूट काढले.

बाहेर हळदीवाल्यांचा टेम्पो येऊन लागला. मॅनेजर धावत आला, "शेठ, पार्टी आली! मांडव रिकामा करा!" नवरदेवाच्या आत्या आत डोकावल्या. त्यांना वाटलं हळदीसाठीच भजन ठेवलंय. त्या खूश होऊन पुढे बसल्या आणि टाळ्यांचा ठेका धरला. मेन फाइटचे दोन तगडे पोरगे हातमोजे घालून दाराशी उभे. आत जावं कुठून, त्यांना कळेना. एकाने दिग्विजयला विचारलं, "शेठ, आमची फाइट झाली नाही तर आमचे पैसे?" दुसरा म्हणाला, "अरे, काकांना विचार, ते ले-ऑफचं सांगतायत."

तेव्हा कुठे दिग्विजयचा आवाज खाली आला. तो जाळीला नाक लावून म्हणाला, "काका, किती म्हणता?"

"करार मी मोडत नाही. आजवर एकही मोडलेला नाही. पहिल्या राउंडचे वीस. दुसऱ्याचे निम्मे पंधरा, तिसऱ्याचे निम्मे वीस. एकूण पंचावन्न. आणि मैत्रीचा एक्स-रे तुमच्या खर्चाने, आजच."

"पन्नास."

अंबुबाईंनी दुसरं भजन धरलं.

"बरं, पंचावन्न, पंचावन्न!" दिग्विजय म्हणाला. "काकू, तुम्ही तरी उठा आता."

"भजन मधे सोडत नाही हो," मी म्हटलं. "एवढं संपू दे."

घरी येताना यांच्या खिशात तेरा फायटरांचे फोन नंबर होते. प्रत्येक जण "काका, आमचंही बघा" म्हणत होता. हे रिक्षात एकसारखे बोलत होते. तिकिटांचा प्रश्न, विम्याचा प्रश्न, वजनाचा प्रश्न. मधे बसलेली निशू हातावरच्या पट्ट्या सोडत होती. घरी आल्यावर तिने पंचावन्न हजार देवापुढे ठेवले, मला आणि यांना नमस्कार केला.

"पावणेचौदा पडले महिन्याला," ती म्हणाली. "अठरा नाही झाले. उद्या जाते मी कंपनीत." आणि आत जाऊन कपाटातून इस्त्रीचा ड्रेस काढू लागली.

हे सोफ्यावर बसून राहिले. चहा ठेवला तो गार झाला.

"वादसुद्धा घातला नाही तिने," हे म्हणाले. "मी तिच्या जागी असतो तर निदान एक दिवस धरणं धरलं असतं."

"तुम्ही दिलेला शब्द मोडत नाही, हे ती लहानपणापासून बघत आलीय."

"गळा आवळायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. तुझे डोळे मिटलेले होते. मी सोड म्हणत होतो. तिला माहीत होतं सोडली नाही तर काय होणार. तरी नाही सोडली." मग म्हणाले, "चांगलं काम करते गं ती."

मी उठले. दिव्यात तेल घालायचं होतं.

सोमवारी सकाळी निशू डबा घेऊन दाराशी बूट घालत होती. हे आधीच आंघोळ करून, सदरा घालून, टेबलापाशी बसलेले.

"निशे, बस जरा. त्या अटीबद्दल बोलायचंय. अटीत दुरुस्ती करता येते. पण दोन्ही पक्ष राजी पाहिजेत."

"बस येईल, पप्पा."

"येऊ दे. तू तिकडे गेलीस तर माझं काय? घरातच फायटर नसेल तर मी कुणाच्या वतीने बसणार? बाहेरच्या माणसाला मॅनेजमेंट दारात उभं करत नाही. तेरा पोरं आहेत, मैत्री आहे. तो दिग्विजय टपलाय, मी कधी एकदा बाजूला होतो म्हणून."

निशूने एक बूट तसाच ठेवला. पण लगेच हो म्हणाली नाही. बापाचीच मुलगी.

"माझी एक मागणी आहे."

"मांड."

"पैशाचं तुम्ही बोलायचं. पिंजऱ्यातलं माझं मी बघणार. गळा कधी आवळायचा, कधी सोडायचा, त्यात तुम्ही बोलायचं नाही. घाई वाटली तरी नाही."

हे अस्वस्थ झाले. "पण राउंड—"

"बस आली बहुतेक," ती म्हणाली आणि दुसरा बूट उचलला.

"मान्य," हे घाईघाईने म्हणाले. "मान्य! लिहून देऊ का?"

"नको. आई आहे ना."

तिने बूट काढले, डब्यातली पोळी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली आणि सरांकडे पळाली. बस खाली येऊन दोनदा हॉर्न देऊन गेली. मग यांनी कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. मुलगी रुजू होणार नाही, असं सांगितलं. तिकडून कुणी मॅडम होत्या, फोन स्पीकरवर होता.

"का हो? दुसरीकडे मिळालं का?"

"हो. दुसरीकडे कामाला आहे."

"तिथे आमच्यापेक्षा जास्त देतात का?"

पगाराचा आकडा लपवायचा नाही, ही यांची आयुष्यभराची शिकवण.

"नाही," हे म्हणाले. "कमी देतात. बोलणी चालू आहेत."